एमजीबी आणि शेवरोलेट ट्रक: दोन जुन्या गिअरबॉक्सच्या कामाच्या नोंदी

६ नोव्हेंबर

दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक १९५४ चा शेवरोलेट ३६०० ट्रक, त्यात चार गिअरचा एसएम४२० बॉक्स. दुसरी १९६४ ची एमजीबी, छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तिच्यातही चारच गिअर. वहीत दोन्हींच्या नावापुढे तक्रार एकच लिहिली आहे, "पहिला गिअर करकरतो". गाडी थोडी चालती असताना पहिला टाकायला गेलं की खर्रर्र आवाज येतो आणि लिव्हर हाताला झटका देते. तक्रार एकच म्हणजे दुखणंही एकच असणार असं धरून दोन्ही बॉक्स एका दमात उघडायचे ठरवले आहेत, आधी ट्रक, कारण त्याचा बॉक्स इंजिन न काढता खालून उतरतो. असलं काम कुणी काढणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून रोज लिहायचं ठरवलंय, चुका झाल्या तर त्याही.

९ नोव्हेंबर

ट्रकचा बॉक्स उतरवला. पूर्ण दिवस गेला, त्यातला अर्धा गंजलेल्या बोल्टांवर. बीडाची बॉडी आहे, वजन साठ किलोच्या आसपास, दादा आणि मी दोघं असूनही शेवटी जॅकवरच घेतला. बॉक्सच्या बाजूला मोठी झाकणं आहेत, मला आधी वाटलं आत बघायची झाकणं असतील, पण ती पीटीओची खिडकी आहे, म्हणजे विंच नाहीतर हायड्रॉलिक पंप चालवायला बॉक्समधून ताकद बाहेर काढायची जागा. रोजच्या वापराच्या कारला असली खिडकी नसते. ट्रकचा गिअरबॉक्स नुसती चाकं फिरवायला केलेला नाही हे तिथेच कळतं.

१२ नोव्हेंबर

वरचं झाकण काढलं, आतला काळा चिखल डिझेलने धुतला, शाफ्ट बाहेर काढले. दात बघून थक्क झालो. पहिल्याचे दात नव्यासारखे, कडा शाबूत, कुठे टवका नाही. मग आवाज कशाचा? सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर पडायच्या आधी दोन्हीकडचे वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा, मोजल्या तर गिअर चार आणि रिंगा तीन. माझी खात्रीच पटली की आधी कुणीतरी बॉक्स उघडून पहिल्याची रिंग बसवायचीच विसरला. आता ती मिळवायची.

२१ नोव्हेंबर

नऊ दिवस त्या रिंगेच्या शोधात गेले आणि अशी रिंग अस्तित्वातच नाही. एसएम४२० मध्ये सिंक्रो फक्त दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याला. पहिला आणि रिव्हर्स सरळ दातांचे, बिनासिंक्रोचे, बॉक्स बनला तेव्हापासून. एक विक्रेता मला "पहिल्याची रिंग" पाठवायलाही तयार होता, नशिबाने मी आधी मोजमाप मागितलं आणि ते दुसऱ्याच बॉक्सचं निघालं.

हे मला आधी कळायला हवं होतं, दात बघूनच. दुसऱ्या-तिसऱ्याचे दात तिरके आहेत, ते काउंटरशाफ्टच्या (मुख्य शाफ्टला समांतर फिरणाऱ्या दुसऱ्या शाफ्टच्या) गिअरमध्ये कायम अडकलेले असतात आणि गिअर टाकला की आपण फक्त मधली स्लीव्ह सरकवतो. तिरके दात शांत चालतात पण शाफ्टच्या लांबीच्या दिशेने रेटा देतात आणि त्यांना एकमेकांत सरकवून गुंतवणं अवघड. पहिल्याचा गिअर मात्र अख्खाच शाफ्टवर सरकत जातो आणि समोरच्या दातांत घुसतो, म्हणून त्याचे दात सरळ. सरळ दात असा रेटा देत नाहीत, आवाज मात्र करतात. पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये जो घूंऽऽ आवाज येतो तो बिघाड नाही. गिअर सरकताना दोन्हीकडचे दात एकाच वेगाने फिरत नसतील तर करकरणारच, आणि चालत्या गाडीत ते वेग जुळवणारं आत काहीच नाही, ते ड्रायव्हरनेच जुळवायचे.

सगळ्यात जास्त चुटपुट याची लागली की हे बघायला बॉक्स उतरवायचीच गरज नव्हती. तेल काढा, पीटीओची खिडकी उघडा, टॉर्च मारा, काउंटरशाफ्ट आणि पहिल्याचे दात तिथून दिसतात. अर्ध्या तासाचं काम. कुणाकडे असा ट्रकचा बॉक्स असेल तर आधी खिडकी उघडा मग पाना उचला.

२६ नोव्हेंबर

बॉक्स उघडलाच आहे तर बेअरिंग आणि सील बदलली. एसएम४२० मध्ये काउंटरशाफ्ट स्वतः दोन टोकांच्या बेअरिंगवर फिरतो, त्यामुळे सुट्या सुयांसारखे नीडल ग्रीसने चिकटवत बसायचा प्रकार नाही, जोडणी सोपी आहे. पुढचं बेअरिंग बरं होतं तरी बदललं, मागच्यात खड्डे पडले होते. तिन्ही सिंक्रो रिंगा गिअरच्या कोनावर (शंकूसारख्या निमुळत्या भागावर) दाबून फट मोजली, दुसऱ्याची सोडून बाकी दोन ठीक, तेवढी एक बदलली. झाकणाची गास्केटं नवीन. दीड दिवस.

३० नोव्हेंबर

बॉक्स परत चढवला आणि नवीनच दुखणं सुरू झालं. गाडी जागेवर उभी, क्लच पूर्ण दाबलेला, आणि रिव्हर्स टाकला की करकर. आधी असं होत नव्हतं. चाचणी अशी केली: इंजिन बंद असताना रिव्हर्स लोण्यासारखा पडतो. इंजिन चालू, क्लच दाबून दहा सेकंद थांबलो, एवढ्या वेळात आतले गिअर फिरायचे थांबायला हवेत, तरीही करकर. म्हणजे क्लच दाबूनही इंजिन शाफ्टला फिरवतंय, क्लच पूर्ण सुटत नाही. दोष गिअरबॉक्समध्ये नाही.

पेडलची मोकळी चाल कमी-जास्त करून बघितली, लिंकेज बघितलं, फरक शून्य. दोन दिवस असेच गेले.

३ डिसेंबर

बॉक्स पुन्हा खाली. क्लच प्लेट काढून शाफ्टवर फिरवली तर काठ दीड मिलिमीटर डोलतोय. वाकवली मीच. ३० तारखेला बॉक्स चढवताना शाफ्ट प्लेटच्या खाचांत गेला, पण बॉक्स पूर्ण बसला नव्हता, आणि जॅक सरकवायला म्हणून मी दादाला म्हटलं जरा सोड. तेवढा एक मिनिट साठ किलोचा बॉक्स त्या शाफ्टवर, म्हणजे खरं तर प्लेटच्या मधल्या हबवर लटकला आणि हब तिरका झाला. हलक्या कारच्या बॉक्समध्ये हेच केलं तर कदाचित खपून जातं, ट्रकच्या बॉक्समध्ये नाही.

उपाय: बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या, ज्याला बॉक्स जोडतात) वरच्या दोन भोकांत लांब बोल्ट लावले, डोकी कापून टाकलेले, टोकाला स्क्रू-ड्रायव्हरसाठी खाच केलेले. बॉक्स या दोन दांड्यांवर सरकवत आणायचा, वजन दांड्यांवर राहतं, प्लेटवर येत नाही. खालचे दोन बोल्ट लागले की दांड्या काढून खरे बोल्ट लावायचे. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर एक प्लेट, एक गास्केट सेट आणि सहा दिवस वाचले असते.

९ डिसेंबर

नवी प्लेट घालून बॉक्स चढवला, रिव्हर्स गुपचूप पडतो. क्रँकशाफ्टच्या टोकातलं पायलट बुशही तपासलं, ते चिकटत असेल तरी हीच लक्षणं दिसतात, पण ते ठीक होतं.

आता तेलाची चूक. मागच्या ॲक्सलसाठी आणलेलं जीएल-५ ग्रेडचं तेल उरलं होतं, तेच बॉक्समध्ये ओतलं. घट्टपणा बरोबर होता, ८०डब्ल्यू-९०. पहिल्याच फेरीत तिसरा टाकताना खर्र. जीएल-५ ची द्रव्यं हायपॉइड ॲक्सलसाठी असतात, पितळी सिंक्रो रिंगेला त्यात नीट पकड मिळत नाही, आणि जुन्या पद्धतीच्या द्रव्यांनी पितळ खाल्लंही जातं. रिंगेचं कामच मुळी कोनाला घासून गिअरचा वेग खाली आणणं, तिला बुळबुळीत तेल दिलं तर ती काय करणार. सगळं तेल काढलं, जीएल-४ चं ९० भरलं. तिसरा सुधारला. एक दिवस आणि एक भरण तेल वाया.

१४ डिसेंबर

आज ट्रक चालवायला काका आले होते, आयुष्यभर जुने ट्रक चालवलेले. मी शेजारी बसलो. त्यांनी पहिल्याला हातच लावला नाही, सरळ दुसऱ्यात उचलला. मी विचारलं तर म्हणाले, "पहिला चढावर आणि मालासाठी. रिकाम्या गाडीला पहिला कशाला लागतोय?"

घरी येऊन आकडे मांडले. एसएम४२० चा पहिला ७.०५ (म्हणजे इंजिनाचे ७.०५ फेरे झाले की बॉक्समधून बाहेर एक फेरा), दुसरा ३.५८, तिसरा १.७१ च्या जवळपास, चौथा १. माझ्या ट्रकच्या मागच्या ॲक्सलचा रेशो ४.५७ आणि टायरचा घेर साधारण २.३ मीटर, म्हणजे पहिल्यात हजार आरपीएमला ताशी सव्वाचार किलोमीटर, माणूस चालतो तेवढा. एवढ्या हळू गिअरला सिंक्रो द्यायचं तरी कशाला, तो गाडी उभी असतानाच टाकायचा असतो. मी चालत्या गाडीत पहिला टाकून "करकरतो" म्हणत होतो आणि हा ट्रक दुसऱ्यात सुरू करायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. पहिल्याचे दात इतक्या वर्षांनी कोरे का होते तेही यातच आलं.

दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना काका जे थांबतात ते बघण्यासारखं आहे. ३.५८ आणि १.७१ मध्ये दुपटीपेक्षा जास्त अंतर आहे. दुसऱ्यात इंजिन २००० आरपीएमला असेल तर त्याच वेगाला तिसऱ्यात ते साधारण ९५५ वर यायला हवं. जड फ्लायव्हील, जड गिअर, ते उतरायला वेळ लागतो. काका क्लच दाबून न्यूट्रलमध्ये येतात, क्लच सोडतात, मनात दोन मोजतात, पुन्हा क्लच दाबून तिसरा टाकतात आणि तो नुसता आत पडतो, आवाज नाही. मधे क्लच सोडल्यामुळे मंदावणारं इंजिन काउंटरशाफ्टलाही मंदावतं. खाली येताना याच्या उलट, न्यूट्रलमध्ये क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक टोला, मग दुसरा. तिसऱ्याला सिंक्रो आहे, डबल क्लच न करताही गिअर पडेल, पण मग एवढं सगळं थांबवायचं काम त्या एका पितळी रिंगेला करावं लागतं. मी घाई केली तर मला खर्र ऐकू यायचं आणि काकांच्या हातात तोच बॉक्स शांत. यात बॉक्सचा काही दोष नव्हता आणि हे मान्य करायला मला सव्वा महिना लागला.

२८ डिसेंबर

एमजीबी घेतली. हिचा बॉक्स एकटा उतरत नाही, इंजिन आणि बॉक्स जोडीने पुढून वर उचलावे लागतात. क्रेन भाड्याने आणली. दोघांना दोन दिवस. एक सोय आहे, बॉक्स इंजिनला बाहेर टेबलावर जोडता येतो, त्यामुळे प्लेट वाकण्याची भीती कमी.

३१ डिसेंबर

उघडला. या वेळी रिंगा मोजायच्या आधी दात बघितले. हिलाही पहिल्याला सिंक्रो नाही, तीनच रिंगा, पहिल्याचे दात सरळ, तेही पहिल्या-दुसऱ्याच्या हबच्या (शाफ्टवर सरकणाऱ्या मधल्या भागाच्या) बाहेरच्या अंगाला कापलेले. एमजीबीला सगळ्या गिअरना सिंक्रो १९६७ पासून मिळालं, माझी त्याआधीची. कॅडिलॅकने सिंक्रोमेश १९२८ सालीच आणलं होतं आणि त्यानंतर तीसपस्तीस वर्षं अनेक कारना पहिला गिअर असाच मिळत राहिला.

म्हणजे कागदावर दोन्ही बॉक्स सारखे. पण इथे दात बघवत नव्हते. पहिल्याच्या दातांच्या कडा झिजून गोल झालेल्या, तीन दातांचे टवके उडालेले, आणि ज्यात ते गुंततात त्या लेगिअरचीही (म्हणजे हिच्या काउंटरशाफ्टवरच्या गिअरांची) तीच गत. कारण सरळ आहे. हिचा पहिला ३.६४, मागचा ॲक्सल ३.९१, हजार आरपीएमला ताशी आठ किलोमीटर. हा गिअर प्रत्येक सिग्नलला लागतो, आणि गाडी अजून रांगत असताना पहिला ढकलायचा मोह प्रत्येक ड्रायव्हरला होतो. दर वेळी थोडी कड जाते. ट्रकच्या पहिल्याकडे कुणी जात नाही म्हणून तो कोरा राहतो, कारच्या पहिल्याला सगळे वापरतात म्हणून तो मरतो. तीच रचना आणि तीच तक्रार, पण ट्रकमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं आणि इथे खरोखर बिघाड आहे.

५ जानेवारी

हब उघडताना तीन स्प्रिंग आणि तीन गोळ्या उडाल्या. दोन गोळ्या सापडल्या, तिसरी संध्याकाळपर्यंत शोधली आणि शेवटी नवीन मागवली. हब प्लास्टिकच्या जाड पिशवीत धरून सरकवा, जे उडेल ते पिशवीत राहील. अर्धा दिवस गेला.

दुसऱ्याची सिंक्रो रिंग कोनावर दाबली तर फट ०.३ मिलिमीटरच उरली होती, नवीन रिंगेची जवळपास १ येते. दुसरा टाकताना करकरायचा तो यामुळे, आणि हे खरं रिंगेचं दुखणं.

११ जानेवारी

नवीन हब आला. लेगिअर महाग आणि मिळायला वेळ, म्हणून विचार केला की त्याच्या दातांच्या कडा तेलदगडाने घासून चालवू, टवके तर टोकालाच आहेत. जोडून टाकला. हा निर्णय चुकला, पुढे लिहितो.

२४ जानेवारी

इंजिन-बॉक्स परत गाडीत. गिअर सगळे पडतात, दुसरा मस्त. पण पहिल्यात भेसूर ओरडतोय, सरळ दातांचा नेहमीचा घूं नाही, खडबडीत, ठोके दिल्यासारखा. नव्या गिअरचे दात जुन्या झिजलेल्या दातांवर चालतायत, दोघांचे आकार जुळत नाहीत. दोनशे किलोमीटर चालवून बसेल म्हणून वाट बघितली, बसला नाही, उलट वाढला. आणि मी जास्त चालवलं असतं तर नवीन हबही खराब झाला असता. जोडीने चालणारे दात जोडीनेच बदलायचे.

१० फेब्रुवारी

सगळं पुन्हा बाहेर, क्रेन पुन्हा, दोन दिवस पुन्हा. लेगिअर नवीन घातला, नीडल आणि थ्रस्ट वॉशरही (लेगिअरला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या). लेगिअरची पुढे-मागे चाल फिलर गेजने मोजली, ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर हवी, पहिल्या वॉशरने ०.१५ आली, मग जाड वॉशर घालून ०.०७ वर आणली. वॉशर वेगवेगळ्या जाडीत मिळतात, एकच मागवू नका. शाफ्ट घालताना नीडल पडू नयेत म्हणून त्याच जाडीची आखूड दांडी आधी आत ठेवली आणि खऱ्या शाफ्टने तिला ढकलत बाहेर काढलं. ट्रकच्या बॉक्सला यातलं काहीच लागलं नव्हतं.

तेल: एमजीबीच्या या बॉक्सला गिअर ऑइल नाही, इंजिन ऑइल चालतं, २०डब्ल्यू-५०, साधारण अडीच लिटर. ट्रकचं उरलेलं ९० तिथेच होतं, हात तिकडे जात होता, पण डिसेंबरची नोंद वाचून थांबलो.

१६ फेब्रुवारी

सकाळी ट्रक आणि दुपारी एमजीबी, दोन्ही एकाच रस्त्यावर. ट्रकमधून उतरून एमजीबीत बसलं की हात अडखळतो. हिचा दुसरा २.२१ आणि तिसरा १.३७, ३००० आरपीएमला गिअर बदलला तर इंजिन साधारण १८६० वर उतरायला हवं, अंतर लहान, गिअरही हलके. ट्रकसारखं दोन मोजत बसलं तर इंजिन गरजेपेक्षा खाली जातं आणि गाडी धक्का देते. इथे सलग, न थांबता, हलक्या हाताने. फक्त पहिल्यासाठी ट्रकवाला नियम, गाडी पूर्ण थांबली की मगच. सिग्नलला क्लच दाबून पहिल्यात बसून राहणंही बंद केलं, हिच्या क्लचचं रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे, क्लच दाबून ठेवला की ते सतत घासत राहतं.

दोन्हींना लागू पडलेली एक युक्ती: उभ्या गाडीत क्लच दाबून आधी तिसऱ्याला हलकेच टेकवायचं, सिंक्रो आतल्या गिअरना थांबवतो, मग पहिला नाहीतर रिव्हर्स. दोन्हीकडे आवाज येत नाही.

१ मार्च

हिशोब. ट्रकचं काम ३८ दिवस चाललं, त्यातले गरजेचे चार. वाया: एक क्लच प्लेट, दोन गास्केट सेट, एक भरण तेल. एमजीबी ४५ दिवस, त्यातले सतरा पहिल्यांदा लेगिअर न बदलल्यामुळे, शिवाय क्रेनचं भाडं दोनदा. ट्रकच्या बॉक्समध्ये बेअरिंग आणि दुसऱ्याची रिंग सोडून बिघडलेलं काही नव्हतं, एमजीबीचा उघडणं भागच होतं.

दोन्ही गाड्या चालू आहेत. ट्रकच्या पीटीओच्या झाकणातून तेल पाझरतंय, गास्केट उद्या बदलणार.